सतरा चिंचोके आणि वर एक

मला राग लवकर येतो आणि जायला वेळ लागतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे एका कागदाच्या तुकड्यावरून ही बाई एवढी का पेटली असं पुढं कुणाला वाटायला नको.

कागद पाखरांच्या मोजणीचा होता. दर जानेवारीत गड्ड्याची जत्रा उतरणीला लागली की एका रविवारी आमच्या सोलापुरातली पक्षी बघणारी मंडळी हिप्परग्याच्या तलावावर जमतात आणि पाण्यावर, काठावर जेवढी म्हणून पाखरं आहेत तेवढी मोजतात. काठ वाटून दिलेला असतो. बांधाची बाजू कुणाकडे, निरीक्षणाच्या मनोऱ्यावर कुणी. पश्चिमेचा काठ गेली अकरा वर्षं आम्हा नवराबायकोकडे आहे. पाणी ओसरलं की तिथं गाळाचं मैदान उघडं पडतं आणि त्यावर पट्टकादंब उतरतात. हिमालयापलीकडून येणारे हे मोठे हंस. पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या आडव्या पट्ट्या. यांनी पहिल्यांदा पाहिले तेव्हा घरी येऊन मला म्हणाले होते, "टावेलाच्या काठागत डिझाईन हाय बघ डोक्यावर, कुणी मागावर विणलंय काय की."

आम्ही दोघं मागाच्याच धंद्यातले, म्हणून त्यांना तसं दिसलं. आमच्या घरात बोलणं अर्धं तेलुगू, अर्धं मराठी, आणि मोजणं मात्र पक्कं तेलुगू. शुक्रवार पेठेत खोली, आणि काम वहीफणीचं. मागावर नवा ताणा चढवायचा म्हणजे त्याचा प्रत्येक धागा आधी वहीच्या, म्हणजे तारांच्या चौकटीच्या, डोळ्यातून आणि मग फणीतून ओढून घ्यावा लागतो. फणी म्हणजे पोलादी पात्यांचा लांबलचक कंगवा. दोन पात्यांमधल्या फटीला आम्ही घर म्हणतो. हे पुढं आकडी घेऊन बसायचे, मी ताण्याच्या मागं. मी धागे वेगळे करून धरायची, "हां" म्हणायची, हे आकडी घालून ओढायचे. एकतीस वर्षं आम्ही असे समोरासमोर, मध्ये धाग्यांचा पडदा, बसून काढली. भांडणंसुद्धा त्या पडद्यातूनच केली. मग कारखाना बंद पडला, आणि सुट्टीच्या दिवशी सायकलवरून तलावावर जाण्याचं यांचं वेड होतं ते रोजचं झालं. मला सुरुवातीला त्याचा वैताग यायचा. नंतर एका थंडीत मी गेले आणि मलाही लागलं. मोजणीत हे दुर्बिणीतून बघून एकेक पाखरू पुकारायचे, मी वहीत रेघा ओढायची. अकरा वर्षं आमचा आकडा कधी कुणी खोडला नाही.

मग यांचे डोळे गेले. एका दिवसात नाही गेले, साखर त्यांना पंधरा वर्षं पोखरत होती. आधी पेपर वाचताना मधली अक्षरं गायब व्हायला लागली, मग माणसांच्या तोंडाच्या जागी डाग दिसायला लागला. दवाखान्यात डोळ्यांत सुया टोचून घेतल्या. दिवाळीनंतर डॉक्टरांनी सांगितलं, कडेकडेचं थोडं दिसत राहील, मधलं आता येणार नाही. घरी आल्यावर हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले ते बसलेच. रेडिओसुद्धा लावत नव्हते. बाहेर चला म्हटलं तर "कशाला" म्हणायचे. दोन महिन्यांत आपणहून एकच गोष्ट विचारली, तीही चार वेळा, "मोजणी कवा हाय?"

म्हणून मी ठरवलं होतं. काहीही झालं तरी हे मोजणीला जाणार, आणि जाणार ते मोजायला जाणार, हवा खायला नाही.

त्या रविवारी उजाडायच्या आत आम्ही तलावावर पोचलो. थंडी चांगलीच होती. तंबूत मोजणीच्या मॅडम कागद वाटत होत्या. मॅडम कॉलेजात शिकवतात, मोजणीचं सगळं त्याच बघतात आणि मनाने फार चांगल्या आहेत. मला त्यांच्या चांगुलपणाचाच जास्त धाक वाटतो. त्यांनी आमचा कागद माझ्या हातात दिला. वर छापलेलं असतं : विभाग, वेळ, निरीक्षकांची संख्या, सोबत आलेल्यांची संख्या. दरवर्षी पहिल्या चौकटीत दोन लिहिलेलं असायचं. यंदा मॅडमच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, निरीक्षक एक. सोबत, एक.

मी तो आकडा दोनदा वाचला.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "काकू, काकांच्या डोळ्यांचं कळलं मला. खूप वाईट वाटलं. त्यांना इथं खुर्चीवर बसवा ना, एवढ्या लांब कुठं नेताय? सगळे आहेत, गप्पा होतील." मग म्हणाल्या, "यंदा पश्चिम काठ तुमच्याकडेच ठेवलाय. आकडा नीट आला तर पुढच्या वर्षीचं बघू. नाहीतर... दोन नवीन जण तयार आहेत, तरुण आहेत."

"बसायला आलेलो नाही आम्ही," मी म्हटलं. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला असावा, कारण चहा ओतणारा माणूस वळून बघायला लागला.

कागदाची घडी घालून मी पिशवीत टाकली. यांनी विचारलं, "काय म्हणत होती म्याडम?"

"काही नाही. थंडी लई हाय म्हणाली."

आयुष्यात मी यांच्याशी पुष्कळ भांडले, पण खोटं फार बोलले नाही. ते एक बोलले. त्या चौकटीतला आकडा त्यांना कळला असता तर ते तिथून मागे फिरले असते, आणि पुढच्या वर्षी मोजणीला सोडाच, दारातसुद्धा आले नसते. हे मला दिवसासारखं स्वच्छ दिसत होतं.

चालताना धरायला मी आमच्याच कारखान्यातला एक जुना टॉवेल आणला होता. एक टोक माझ्या हातात, एक यांच्या. हात धरलेला त्यांना आवडत नाही. म्हणतात, पोलीस धरून न्यायलेत असं वाटतंय. टॉवेलाच्या टोकाला मात्र ते मुकाट्याने चालतात. डावीकडे ज्वारी कणसांवर आली होती, उजवीकडे पाणी. धुकं पाण्यावरून नुकतं सुटत होतं. यांचं डोकं जरा तिरकं, कानावर.

"टिबुकली," म्हणाले. मी पाहिलं, होती. एवढीशी, बुडी मारून गेली.

"शेकाट्या. चार-पाच असतील."

सहा होते. लांब तांबड्या पायांवर गाळात उभे.

"आन ही बघ, टिटवी. हिला आपलंच कौतिक."

मला दिवाळीनंतर पहिल्यांदा बरं वाटलं. वाटेत हळदीकुंकू बदकांची एक जोडी लव्हाळ्यातून निघाली, तेव्हा मी म्हटलं, "बघा, संक्रांतीचं वाण द्यायला आलीत." हे हसले. मोठ्याने नाही, पण हसले.

काठाशी एका दगडावर बसलो. गाळावर पट्टकादंब बसले होते, पाण्याच्या कडेने लांबच लांब पसरलेले. आता प्रश्न असा की दुर्बीण मी धरणार, मग रेघा कोण ओढणार? यांना कागद दिसत नाही. त्याची तजवीज मी रात्री करून ठेवली होती. डब्यातले मूठभर चिंचोके यांच्या डाव्या खिशात घातले. मी प्रत्येक पाखराला "हां" म्हणायचं, यांनी मनात मोजायचं, दहा झाले की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. बोटांना काय, डोळे लागत नाहीत.

"जमंल?" मी विचारलं.

"एकतीस वर्सं तुझं हां हां ऐकून काढली की," म्हणाले. "आता न जमायला काय झालं."

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. हां. हां. हां. पहिल्या थोड्या वेळातच असं सरळ चालायला लागलं की मला नवल वाटलं. डोळा एका बाजूने दुसरीकडे सरकत होता, तोंड आपोआप "हां" म्हणत होतं, शेजारून यांचं ओठातल्या ओठात "ओकटी, रेंडू, मूडू" चाललं होतं. शेवटच्या पाखरापर्यंत आले तेव्हा मानेला रग लागली होती. यांनी उजव्या खिशातले चिंचोके तळहातावर काढून चाचपले. आठ. आणि वर सहा.

शहाऐंशी. गेल्या वर्षीपेक्षा खूपच कमी होते. यंदा पाणी जास्त आहे, गाळ कमी उघडा पडलाय, म्हणून कमी उतरले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. कारण शोधायला माणसाला वेळ लागत नाही. बाकीची बदकं, थापटे, चक्रवाक, सगळी मोजली. ती थोडीथोडी, विखुरलेली, एकेक सुटी मोजता आली. अर्ध्यात असताना एक भोवत्या, म्हणजे बदकांवर टपून फिरणारा शिकारी पक्षी, पाण्यावरून खाली खाली घिरट्या घालत आला. सगळे पट्टकादंब एकदम आँक-आँक करत उठले आणि तलावाच्या पार वरच्या टोकाला, गाळाच्या जिभेवर जाऊन बसले. उठले तेव्हा यांनी मान वर करून आवाजाच्या मागे मागे तोंड फिरवलं. आवाज थांबला तरी तोंड तिकडेच होतं.

तंबूत परत आलो तर उप्पिटाचा वास सुटला होता. मॅडम सगळ्यांचे कागद जुळवत होत्या. मनोऱ्यावर बँकेत नोकरी करणारा एक गृहस्थ होता, ज्याच्या कॅमेऱ्याची नळी माझ्या हाताएवढी लांब आहे. तो म्हणाला, "पट्टकादंब एकशे सत्तरच्या आसपास आहेत मॅडम. फोटोत मोजले. थोडे एकमेकांच्या मागे झाकलेत, पण एकशे सत्तर धरा."

मॅडमनी आमच्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकू, तुमचे शहाऐंशी आहेत."

बँकवाला उप्पीट खायला लागला.

"होतं असं," मॅडम म्हणाल्या. "लांबून, धुक्यात. काही हरकत नाही, आपण मनोऱ्याचा आकडा धरू." आणि लाल पेन उचलला. बाजूच्या खुर्चीवर बसलेल्या यांच्याकडे बघून त्या इतक्या मऊ हसल्या की माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्यांच्या मनात काय ठरलं हे मला त्या हसण्यात वाचता येत होतं. पश्चिम काठ गेला. यांची खाट, यांची भिंत, माझ्या डोळ्यांसमोर आली.

"थांबा म्याडम." हे बोलत होते. हातात चिंचोके तसेच. "अगं, तू मगाशी हां कसं म्हणत होतीस? म्हण बघू परत."

"कसं म्हणजे?"

"म्हण की."

चारचौघांत, उप्पिटाच्या प्लेटा हातात घेतलेल्या माणसांसमोर, मी म्हटलं, "हां... हां... हां... हां..."

यांचा उजवा हात हवेत हलायला लागला. अंगठा आणि बोटात जशी आकडी धरलेली. घालायची, ओढायची. घालायची, ओढायची. माझ्या प्रत्येक "हां"ला हात बरोबर बसत होता. आणि हे खदखदून हसायला लागले.

"म्याडम, ही जोड्या देत होती! फणीच्या एका घरात दोन धागे जात्यात. ही दोन धागे धरती, एक हां म्हणती. मी घरं मोजतो. ही पाखरं न्हाय मोजत बसली, फणी भरत बसली हितं!"

मला आधी कळलं नाही, आणि कळलं तेव्हा कानशिलं गरम झाली. खरंच होतं. माझ्या डोळ्यांना दोन-दोन उचलायची सवय. एकतीस वर्षं दुसरं केलंच काय? आधी मोजणीत हे बघायचे आणि एकेक पुकारायचे म्हणून कधी अडलं नव्हतं. आता डोळे माझे होते, आणि माझ्या डोळ्यांनी हंस नाही, धागे पाहिले. तंबूतले सगळे हसले. त्यात वाईट कुणी हसलं नाही, पण मला पाताळात जावंसं वाटलं.

"मग तर सोपंच झालं!" मॅडम खूश झाल्या. "शहाऐंशी दुणे एकशे बहात्तर. मनोऱ्याशी जुळतंय. वा, काका, छान पकडलंत हं!" लहान पोराने पाढा म्हटल्यावर म्हणतात तसं म्हणाल्या, आणि लिहायला लागल्या.

गप्प बसले असते तर भागलं असतं. आकडा जुळला होता, लाज राखली गेली होती, कदाचित काठही राहिला असता. पण मला ते घशाखाली उतरेना. फणी भरून झाली की घरांची दुप्पट करून धागे पुरे झाले असं कुणी म्हणत नाही. धागे मोजावे लागतात. एक जरी कमी-जास्त गेला तर कापडात या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ पडते, आणि ती रेघ कुणाच्या चुकीने पडली हे साऱ्या कारखान्याला माहीत असतं. शिवाय ते एकशे बहात्तर आमचे नव्हतेच. ते मॅडमनी आम्हाला दिलेले होते.

"दुप्पट लिहू नका," मी म्हटलं. "आम्ही परत मोजणार."

"अहो काकू, ते आता पार वरच्या टोकाला गेलेत. चालत तासभर. आणि आपली गाडी साडेबाराला निघतेय."

"जावा तुम्ही. आम्ही वडापच्या जीपने येऊ." मी आमचा कागद उचलून परत पिशवीत टाकला.

"काकांना एवढं ऊन..."

हे खुर्चीतून उठले होते. टॉवेलाचं एक टोक हातात धरून दुसरं त्यांनी माझ्या दिशेने पुढं केलं. दिशा जरा चुकली, ते बँकवाल्याच्या पोटाला लागलं. पण म्हणाले ते स्पष्ट, "चल."

वरच्या टोकाला वाट नाही. गाळपेरीच्या ज्वारीतून, बांधाबांधाने जावं लागतं. एका रानात मचाणावर एक बाई गोफण घेऊन कणसांवरची पाखरं उठवत होती. आम्हाला बघून तिने गोफण थांबवली. "कुटं निगालाव उन्हाचं?"

"पाखरं मोजायला," हे म्हणाले.

"आगं बाई! मग हितली बी मोजा की. आन मोजून झाली की घिऊन जावा घरी, लई उपकार व्हतील." तिने आम्हाला हुरड्याचं एक कणीस दिलं. चालता चालता खाल्लं. पुढं गाळ लागला तशी यांची एक चप्पल रुतून बसली, ती काढताना दुसरी रुतली. शेवटी दोन्ही पिशवीत घातल्या आणि हे अनवाणी चालले. मी पाय कुठं टाकायचा ते सांगत होते. तरी एकदा हे गुडघ्यापर्यंत गेले. त्यांना वर ओढताना मीही बसले. चिखलात बसल्या बसल्या मला रडू येईल असं वाटलं, आणि रडण्याऐवजी मी यांच्यावरच खेकसले, "पाय उचला की जरा!" त्यांनी उचलला.

पट्टकादंबांपासून जितक्या अंतरावर ते उठणार नाहीत तितक्यावर थांबलो. बसायला दगड नव्हता. हे खाली मांडी घालून बसले आणि म्हणाले, "माझ्या खांद्यावर ठेव कोपर. हात हलणार न्हाई." मी त्यांच्या मागे गुडघ्यांवर बसले, दोन्ही कोपरं त्यांच्या दोन खांद्यांवर, दुर्बीण त्यांच्या डोक्याच्या वर. कारखान्यातही मी मागंच बसायची. फक्त तिथं मध्ये ताणा असायचा.

"आता एकेक," म्हणाले. "घाई न्हाय."

एकेक मोजणं किती अवघड आहे हे मला त्या दुपारी कळलं. डोळा सारखा दोघांवर झेप घ्यायचा. मी ओढून एकावर आणायची. हां. हे माझ्या पायावर बोटाने एक टिचकी मारायचे, म्हणजे झालं, पुढचा. माझी चाल जरा जलद झाली की टिचकी उशिरा यायची, मला थांबावं लागायचं. साठच्या पुढं गेलो असू तेव्हा मधलेच काही उठून दुसरीकडे बसले आणि सगळं विस्कटलं. पहिल्यापासून. दुसऱ्यांदा माझं मलाच कळलं की दोघांना एकच "हां" गेलाय. मी तसं सांगितलं. यांनी उजव्या खिशातले चिंचोके परत डाव्या खिशात भरले. तिसऱ्यांदा मी श्वाससुद्धा मोजूनमापून घेत होते. ऊन डोक्यावर आलं होतं. लांब रस्त्यावर मंडळींची गाडी निघून गेल्याचा हॉर्न ऐकू आला. हां. टिचकी. हां. टिचकी.

कळपाच्या शेवटाला, पाण्याच्या अगदी कडेला, सगळ्यांपासून चार हात लांब एक पट्टकादंब एकटाच उभा होता. शेवटचा "हां" त्याला म्हटला.

यांनी चिंचोके माझ्या तळहातावर एकेक करून ठेवले. सतरा. "आन वर एक," म्हणाले. "एकशे एकाहत्तर."

दुप्पट केली असती तर एकशे बहात्तर झाले असते. मी हिशेब केला आणि मला हसू आलं. सकाळी त्या एकट्यालासुद्धा मी आख्खं घर देऊन बसले होते.

"म्हंजे एक घर एकेरी भरलंस," हे म्हणाले. "म्याडमच्या कागदावर त्याला फुकटची बायको मिळाली असती की."

"तुम्हाला मिळाली तशी."

"मला कुटं फुकटची? रोज ऐकून घेतोय."

मी लगेच मॅडमना फोन लावला. गाडीच्या आवाजात त्यांनी दोनदा विचारलं, "एकशे एकाहत्तर? नक्की?"

"नक्की. एकेक मोजलाय. तिसऱ्या खेपेला जमला."

मग मॅडम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "तुमचाच आकडा लिहिते काकू. तुमचा कागद तुमच्याकडेच आहे ना? तोच सही करून पाठवा. आणि पुढच्या जानेवारीचं... पश्चिम काठ आत्ताच लिहून ठेवते तुमच्याकडे."

"लिहा," मी म्हटलं. आभार मानायचे सुचले नाही, ते आजतागायत राहिलेत.

मी पिशवीतून कागद काढला, गुडघ्यावर पसरला. पट्टकादंब, शहाऐंशी खोडून एकशे एकाहत्तर. लिहून झाल्यावर नजर वर गेली. निरीक्षक, एक. सोबत, एक. सकाळपासून त्या चौकटीने मला जाळलं होतं. मॅडमना मनातल्या मनात काय काय बोलले होते! आणि मी तरी काय केलं होतं? दोघा दोघांना एक धरत अख्खा कळप मोजला होता. मी पेन घट्ट धरून निरीक्षकांपुढचा तो एक खोडला. कागद फाटला थोडा.

आवाज झाला तसे हे वळले. "आकडा तर लिहून झाला. आता काय खोडायलीस?"

सकाळचं खोटं अजून सांगायचं राहिलं होतं. म्हटलं, आता हा माणूस परत फिरणार नाही, अनवाणी चिखलातून इथवर आलाय. सांगून टाकलं. "सकाळी म्याडमनी मोजणाऱ्यांच्या जागी एकच लिहिला होता. मी एकटी. तुम्हाला नुसतं सोबत लिहिलं होतं. मी तुमच्यापासून लपवलं."

त्यांचं तोंड पाखरांच्या आवाजाकडे होतं. त्यांना लागलं, ते मला दिसलं. मीच कशाला सांगितलं असं मला होऊन गेलं. मग त्यांनी खिसा चाचपला, राहिलेले चिंचोके नीट आत सारले.

"म्याडमनी बी तुझ्यागतच मोजलं म्हण की," ते म्हणाले. "एका घरात दोन धागं."

"व्हय."

"मग सुटं कर," म्हणाले. "सुटं करून लिही."